इंग्लंडमधील माध्यमिक शाळांचे मोजमाप: ईबॅक, अटेनमेंट ८ आणि प्रोग्रेस ८ नेमके काय सांगतात?

गोदातीर (धागाकर्ता)

इंग्लंडमधल्या माध्यमिक शाळांविषयी मराठी पालकांमध्ये बोलणे निघाले की थोड्याच वेळात गाडी आकड्यांवर येते. "त्या शाळेचा प्रोग्रेस ८ उत्तम आहे", "या शाळेत ईबॅक घेणारी मुले फार कमी आहेत", अशी वाक्ये सर्रास ऐकू येतात. (ईबॅक म्हणजे पाच ठरावीक मुख्य विषयांचा संच, प्रोग्रेस ८ म्हणजे अकराव्या वर्षापासून मुलांनी केलेल्या प्रगतीचा आकडा.) हे आकडे कोणत्या विषयांवरून काढले जातात, कोणते विषय त्यात धरलेच जात नाहीत आणि त्याचा शाळेच्या वेळापत्रकावर काय परिणाम होतो, याची चर्चा मात्र क्वचितच होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने ईबॅकची मोजणी बंद करण्याचे जाहीर केल्यापासून गोंधळ आणखी वाढला आहे. म्हणून हा धागा काढत आहे. मला जे ठाऊक आहे ते मांडतो. प्रत्यक्ष शाळेत शिकवणाऱ्यांनी आणि संख्याशास्त्र जाणणाऱ्यांनी त्यात भर घालावी.

थोडे मागे जाणे आवश्यक आहे, कारण आजचे प्रत्येक मोजमाप हे आधीच्या मोजमापातील दोषावरचा उपाय म्हणून आलेले आहे. शाळानिहाय निकालांचे तक्ते इंग्लंडमध्ये १९९२ पासून प्रसिद्ध होऊ लागले. त्यांत पुष्कळ वर्षे एकच आकडा मध्यवर्ती होता: पाच किंवा अधिक जीसीएसई (सोळाव्या वर्षी देण्याची शालान्त परीक्षा) विषयांत ए-स्टार ते सी यांपैकी श्रेणी मिळवणाऱ्या मुलांची टक्केवारी. हे पाच विषय कोणते असावेत यावर आरंभी बंधन नव्हते. जीएनव्हीक्यू नावाचा एक व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम तर एकटाच चार जीसीएसईंच्या बरोबरीचा धरला जात असे. त्यामुळे तो आणि आणखी एखादा विषय झाला की मूल "पाच विषयांत उत्तीर्ण" म्हणून मोजले जाई. इंग्रजी आणि गणित त्या पाचांत हवेतच, असा स्वतंत्र आकडा २००६ च्या तक्त्यांपासून दिसू लागला. तरीही एक दोष राहिलाच. डी श्रेणीवरचे मूल सीवर आणले की शाळेचा आकडा वाढत असे. जी श्रेणीवरचे मूल ईपर्यंत आणले किंवा बी मिळवणाऱ्या मुलीला ए-स्टारपर्यंत नेले, तर त्या कष्टांची तक्त्यात नोंदच होत नसे. साहजिकच शिकवणीचे जादा तास, संध्याकाळचे वर्ग आणि अनुभवी शिक्षक सी-डीच्या सीमेवरील मुलांच्या वाट्याला जाऊ लागले.

नोव्हेंबर २०१० मध्ये शिक्षणमंत्री मायकल गोव्ह यांच्या श्वेतपत्रिकेत ईबॅक, म्हणजे इंग्लिश बॅकलॉरिएट, हे मोजमाप आले. इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास किंवा भूगोल यांपैकी एक, आणि एक आधुनिक अथवा प्राचीन भाषा, असे हे पाच खांब. जानेवारी २०११ च्या तक्त्यांत ते लगेच प्रसिद्धही झाले, तेही २०१० च्या उन्हाळ्यात झालेल्या परीक्षांवरून. म्हणजे ज्या मुलांवरून शाळा मोजल्या गेल्या, त्यांनी विषय निवडले तेव्हा हे मोजमाप अस्तित्वातच नव्हते. त्या वर्षी हे पाचही खांब घेणारी मुले सुमारे २२ टक्के आणि पाचही ठिकाणी सी किंवा वरची श्रेणी मिळवणारी सुमारे १६ टक्के होती. पुढे २०१६ मध्ये अटेनमेंट ८ (आठ जागांतील श्रेणींची बेरीज) आणि प्रोग्रेस ८ हे मुख्य निर्देशक झाले, पण त्यांच्या पोटातही ईबॅकच्या विषयांसाठी राखीव जागा ठेवली गेली.

माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. किती मुलांनी मुख्य विषय घेतले, हा अभ्यासक्रमाविषयीचा प्रश्न आहे. आणि शाळेने मुलांना कुठून कुठवर नेले, हा शाळेच्या कामगिरीविषयीचा प्रश्न आहे. ईबॅकने पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाच्या तक्त्यात छापले, आणि पालकांनी, स्थानिक वर्तमानपत्रांनी, इतकेच काय मुख्याध्यापकांनीसुद्धा ते शाळेच्या दर्जाचे प्रमाण मानले. मतभेद असल्यास अवश्य लिहा.

सायली_आर

धाग्याबद्दल मनापासून आभार. माझी मुलगी इयर नाइनमध्ये (वय तेरा-चौदा) आहे आणि याच महिन्यात तिला जीसीएसईचे विषय निवडण्याचा फॉर्म द्यायचा आहे. तिला चित्रकला घ्यायची आहे. शाळेचे म्हणणे असे की तिने फ्रेंच सोडू नये, कारण ती "ईबॅक मार्गावरची" विद्यार्थिनी आहे. फ्रेंचमध्ये तिला रस नाही आणि तिची प्रगतीही बेताचीच आहे. ईबॅक पूर्ण केल्याने तिला स्वतःला काही मिळते का? आणि शाळा अशी सक्ती करू शकते का?

वर्गशिक्षक

मी इंग्लंडमधल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो आणि विषयनिवडीच्या काळात पालकांशी बोलण्याचे काम माझ्याकडे असते, म्हणून सायली_आर यांच्या प्रश्नाला थोडे सविस्तर उत्तर देतो.

ईबॅक ही पदवी नाही, प्रमाणपत्र नाही आणि परीक्षाही नाही. विद्यार्थ्याच्या हातात त्या नावाचा कोणताही कागद पडत नाही. ती केवळ शाळेच्या नावापुढे छापली जाणारी संख्या आहे. विषय कोणते उपलब्ध करून द्यायचे आणि कोणते सक्तीचे ठेवायचे, हे मात्र बहुतांशी शाळेच्या हाती असते, कारण चौदा ते सोळा या वयोगटात परकीय भाषा २००४ पासून राष्ट्रीय पातळीवर ऐच्छिक झाली असली, तरी शाळा आपल्या फॉर्मच्या रचनेतून ती व्यवहारात सक्तीची करू शकते. फॉर्मवर चार रकाने असतात. पहिल्यात फक्त फ्रेंच आणि स्पॅनिश, दुसऱ्यात फक्त इतिहास आणि भूगोल, आणि उरलेल्या दोनांत बाकीचे सगळे. वर "चार विषय निवडा" असे लिहिलेले असते, पण खरी निवड दोनच विषयांची असते.

आता हे आकड्यांवर कसे उतरते, ते एका कल्पित विद्यार्थिनीच्या निकालावरून दाखवतो. जीसीएसईच्या श्रेणी २०१७ पासून टप्प्याटप्प्याने ९ ते १ अशा झाल्या, हे ध्यानात ठेवा. ४ म्हणजे सर्वसाधारण उत्तीर्ण, ५ म्हणजे भक्कम उत्तीर्ण. या मुलीला इंग्रजी भाषेत ६, इंग्रजी साहित्यात ५, गणितात ५, एकत्रित विज्ञानात ५-५ (याला दोन विषयांचे वजन असते), इतिहासात ६, भूगोलात ६ आणि चित्रकलेत ७ मिळाले आहेत.

अटेनमेंट ८ मध्ये आठ जागा असतात. इंग्रजी आणि गणित यांना दुप्पट वजन, म्हणून १२ आणि १० मिळून २२. पुढच्या तीन जागा ईबॅक विषयांसाठी राखीव: इतिहास ६, भूगोल ६, विज्ञान ५, एकूण १७. शेवटच्या तीन जागा खुल्या: चित्रकला ७, विज्ञानाचे उरलेले ५ आणि साहित्याचे ५, एकूण १७. बेरीज ५६. कमाल शक्य बेरीज ९० असते.

हा निकाल चांगला आहे. पण ईबॅकच्या "किती मुलांनी घेतले" या आकड्यात ही मुलगी शून्य आहे, कारण तिच्याकडे परकीय भाषा नाही. ईबॅकची सरासरी गुणसंख्या २०१८ पासून मोजली जाऊ लागली. त्यात पाच खांबांची बेरीज भागिले पाच करतात आणि रिकाम्या खांबाला शून्य देतात. म्हणजे ६, ५, ५, ६ आणि ०, भागिले पाच: ४.४.

समजा, तिने चित्रकलेऐवजी फ्रेंच घेतले आणि ओढूनताणून ३ मिळवले. अटेनमेंट ८ ची बेरीज ५६ वरून ५२ वर घसरते. ईबॅकची सरासरी मात्र ४.४ वरून ५.० वर चढते आणि "घेतले" या टक्केवारीत तिची भर पडते. मुलीचा निकाल खालावला, तिच्या हाती उत्तीर्ण म्हणता येईल अशीही श्रेणी आली नाही, आणि त्याच वेळी शाळेचा एक आकडा सुधारला. भाषा शिकणे वाईट आहे असे मी अजिबात म्हणत नाही. मी स्वतः प्रत्येक सक्षम मुलाला भाषा घ्यायला सांगतो. परंतु ती कोणाच्या हितासाठी घेतली जात आहे, हे फॉर्मवर सही करण्यापूर्वी पालकांना समजलेच पाहिजे.

निरंजन_व्ही

वर्गशिक्षक यांचे उदाहरण अचूक आहे, तरीही मी ईबॅकची बाजू मांडू इच्छितो, कारण या धाग्यावर ती एकतर्फी मोडीत निघेल असे दिसते.

ज्या घरांत आईवडील उच्चशिक्षित आहेत, तिथे मूल कोणते विषय घेते याकडे घरचे डोळ्यांत तेल घालून पाहतात. आपण सगळे त्याच गटातले आहोत. पण ज्या मुलांच्या घरी हे विचारणारे कोणी नव्हते, त्यांना २००० नंतरच्या दशकात शाळांनी काय शिकवले? तक्त्यात चार-चार जीसीएसईंच्या बरोबरीचे वजन मिळते म्हणून त्यांना असे अभ्यासक्रम दिले गेले, ज्यांची पुढे महाविद्यालयात किंवा नोकरीत कोणी फारशी किंमत करत नसे. ॲलिसन वुल्फ यांच्या व्यावसायिक शिक्षणावरील मार्च २०११ च्या अहवालाने हेच स्पष्ट शब्दांत मांडले, आणि त्यानंतर २०१४ च्या तक्त्यांपासून कोणताही अभ्यासक्रम एकापेक्षा अधिक जीसीएसईंच्या बरोबरीचा धरणे बंद झाले. त्या मुलांना इतिहास नको होता, भाषा झेपत नव्हती, हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. झेपते की नाही हे शिकवल्याशिवाय कसे कळणार?

मुख्य विषयांच्या मोजणीमुळे निदान एवढे झाले की गरीब वस्तीतल्या शाळेलाही इतिहासाचा शिक्षक नेमावा लागला आणि भूगोलाचा वर्ग चालू ठेवावा लागला. मोजलेच नसते तर हे घडले असते असे मला वाटत नाही. गोदातीर म्हणतात की हा अभ्यासक्रमाविषयीचा प्रश्न आहे, कामगिरीविषयीचा नाही. मी म्हणेन, काय शिकवायचे याची निवड हीच शाळेची पहिली कामगिरी आहे. कमी मोलाचा अभ्यासक्रम उत्तम शिकवणाऱ्या शाळेला चांगली शाळा म्हणावे का?

गोदातीर

निरंजन_व्ही, तुमच्या शेवटच्या प्रश्नाने मला विचार करायला लावले आणि त्यातला अर्धा भाग मी मान्य करतो. सवलतीच्या बरोबरीचे अभ्यासक्रम तक्त्यांतून हटवणे आवश्यकच होते. पण त्याचे श्रेय वुल्फ अहवालानंतरच्या बदलांना जाते. त्यासाठी विषयांची एक ठरावीक टोपली सर्वांच्या गळ्यात बांधण्याची गरज नव्हती.

शिवाय ईबॅक आपल्याच कसोटीला उतरले नाही. पहिल्या काही वर्षांत ते घेणाऱ्या मुलांचे प्रमाण ४० टक्क्यांच्या जवळपास गेले आणि नंतर तिथेच खिळले. सरकारने २०२५ पर्यंत ९० टक्के मुलांनी ईबॅकचे विषय शिकायला सुरुवात करावी असे उद्दिष्ट ठेवले होते; त्याच्या जवळपासही कोणी पोहोचले नाही. अडले कुठे, तर बहुतेक ठिकाणी भाषेपाशी. चार खांब पूर्ण असलेल्या मुलांकडे पाचवा नसला, की तो प्रामुख्याने भाषेचाच असे. भाषा शिकवणारे शिक्षकच पुरेसे नसतील, तर तक्त्यातला रकाना ते कुठून आणणार? मोजणीमुळे एखादी उणीव दिसते, हे खरे. ती भरून काढायला मात्र पैसा आणि माणसे लागतात.

नभा

आमचा अनुभव लिहिते. शाळेचे नाव अर्थातच लिहीत नाही. माझा मुलगा जिथे शिकला, त्या शाळेत नवे मुख्याध्यापक आले आणि दोन वर्षांत संगीताचा जीसीएसई वर्ग बंद झाला, नाट्याचा तास दिवसाच्या वेळापत्रकातून निघून शाळा सुटल्यावर गेला, आणि शिवणकाम-वस्त्रकलेची खोली संगणकांच्या वर्गाला दिली गेली. पालकसभेत विचारले तेव्हा उत्तर मिळाले की पुरेशी मुले ते विषय निवडत नाहीत. पण निवडणार कशी? ईबॅक मार्गावरच्या मुलांना रिकामी जागा एकच उरत होती, आणि त्या एका जागेसाठी संगीत, चित्रकला, धर्मशिक्षण, व्यवसाय-अभ्यास असे सगळेच विषय भांडत होते. आठ मुलांनी संगीत निवडले, आणि आठ मुलांसाठी शिक्षक ठेवणे परवडत नाही म्हणून तो वर्ग रद्द झाला.

त्या आठांत माझा मुलगा होता. तो आजही व्हायोलिन वाजवतो, कारण खाजगी शिकवणीचे पैसे आम्ही भरू शकलो. निरंजन_व्ही यांना मला एवढेच विचारायचे आहे की ज्या मुलांचे हित तुम्ही मांडत आहात, त्यांच्यातल्या किती जणांचे आईवडील हे पैसे भरू शकतात? मुख्य विषय गरीब मुलांना मिळालेच पाहिजेत, हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण शाळेत संगीत बंद झाले की ते श्रीमंतांच्या मुलांना घरी मिळते आणि गरिबांच्या मुलांना कुठेच मिळत नाही.

निरंजन_व्ही

नभाताई, याला माझ्याकडे प्रत्युत्तर नाही. तुमचे म्हणणे बरोबर आहे.

आकडेमोड

चर्चा ईबॅकभोवती फिरते आहे, तेव्हा प्रोग्रेस ८ विषयी लिहितो, कारण ईबॅक गेले तरी शाळा निवडताना पालक याच आकड्याकडे पाहणार आहेत आणि त्याचा अर्थ फार चुकीचा लावला जातो.

प्रोग्रेस ८ चा पाया असा आहे: मूल सहावीच्या शेवटी, अकराव्या वर्षी, वाचन आणि गणिताच्या राष्ट्रीय चाचण्या देते. त्या गुणांनुसार देशभरातल्या मुलांचे गट पाडले जातात. पाच वर्षांनी त्या मुलाची अटेनमेंट ८ ची बेरीज त्याच गटाच्या राष्ट्रीय सरासरीशी ताडून पाहतात आणि फरकाला दहाने भागतात. वर्गशिक्षक यांच्या उदाहरणातल्या मुलीच्या गटाची सरासरी ५२ आहे असे धरा. तिने चित्रकला घेतल्यास ५६ वजा ५२, भागिले दहा, म्हणजे अधिक ०.४. फ्रेंच घेतल्यास शून्य. शाळेतल्या सर्व मुलांच्या अशा आकड्यांची सरासरी म्हणजे शाळेचा प्रोग्रेस ८.

जुन्या पाच-विषयी टक्केवारीपेक्षा ही पद्धत कितीतरी न्याय्य आहे, यात वाद नाही. दोनावरून तीनावर गेलेले मूल आणि आठावरून नवावर गेलेले मूल, दोघांचीही एक-एक श्रेणीची वाढ इथे सारखीच मोजली जाते. सी-डीच्या सीमेवरचा सगळा खटाटोप यामुळे निरर्थक झाला. पण काही मर्यादा पालकांनी डोक्यात पक्क्या ठेवाव्यात.

हा आकडा सापेक्ष आहे. राष्ट्रीय सरासरी दरवर्षी शून्याजवळच असते, कारण ती तशीच आखलेली आहे. संपूर्ण देशातल्या शाळा एका वर्षात सुधारल्या तरी जवळपास निम्म्या शाळा शून्याखालीच दिसतील. "आमची शाळा उणे ०.१ आहे" याचा अर्थ तिथली मुले मागे गेली असा होत नाही.

दुसरे, प्रत्येक शाळेच्या आकड्यासोबत एक विश्वासमर्यादा (खरा आकडा कोणत्या टप्प्यात असू शकतो ते) छापलेली असते आणि जवळपास कोणी ती वाचत नाही. एका वर्षात साधारण १८० मुले परीक्षेला बसवणाऱ्या शाळेत ही मर्यादा दोन्ही बाजूंना ०.२ च्या आसपास येते. म्हणजे अधिक ०.१ ची शाळा आणि उणे ०.१ ची शाळा यांच्यात फरक आहे असे या आकड्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. तरीही या दोन शाळांच्या परिसरांत घरांच्या किमतीपर्यंत चर्चा पोहोचते, हे मी पाहिले आहे.

तिसरी मर्यादा मला सर्वांत गंभीर वाटते. प्रोग्रेस ८ मुलाचे अकराव्या वर्षीचे गुण पाहते, पण पुढची पाच वर्षे ते मूल कोणत्या परिस्थितीत जगले, ते पाहत नाही. यापूर्वी, २००६ ते २०१० या काळात, मुलाचे लिंग, वंशगट, मोफत जेवणाची पात्रता अशा गोष्टी विचारात घेणारे एक मोजमाप होते. गरीब मुलांकडून कमी अपेक्षा ठेवण्याला त्यामुळे मान्यता मिळते, या कारणास्तव ते रद्द झाले. त्या आक्षेपात तथ्य आहे. पण दुसरी बाजूही पाहा: ब्रिस्टल विद्यापीठातील जॉर्ज लेकी आणि हार्वे गोल्डस्टीन यांनी २०१९ मध्ये दाखवून दिले की मुलांची पार्श्वभूमी हिशेबात घेतली तर अनेक शाळांची क्रमवारी मोठ्या प्रमाणात बदलते. ज्या शाळेला आपण मागासलेली म्हणतो, ती कदाचित अधिक अवघड काम करत असते.

याची उलट बाजू आपल्याला जवळची आहे. घरी दुसरी भाषा बोलणारी आणि प्राथमिक शाळेत असताना इंग्रजी शिकत असलेली मुले सहावीच्या वाचन-चाचणीत थोडी कमी पडतात आणि सोळाव्या वर्षापर्यंत पुष्कळ पुढे जातात. अशी मुले जिथे अधिक, तिथे प्रोग्रेस ८ वर जातो. त्यात शाळेचा वाटा असतोच, पण मुलाच्या घराचाही असतो, आणि तक्ता या दोन वाट्यांची विभागणी करत नाही.

एक छोटी गोष्ट खाजगी शाळांविषयी. अनेक खाजगी शाळा आयजीसीएसई (जीसीएसईची आंतरराष्ट्रीय आवृत्ती) परीक्षा घेतात आणि ती सरकारी तक्त्यांत धरली जात नाही; त्यामुळे नावाजलेल्या शाळेपुढे अगदी नगण्य गुण दिसतात. ते पाहून कोणी घाबरू नये.

वर्गशिक्षक

आकडेमोड यांच्या लेखनाला एक जोड देतो. प्रोग्रेस ८ ने सीमेवरच्या मुलांचा खटाटोप संपवला, पण नवे मार्ग निघाले. खुल्या तीन जागांपैकी एक भरण्यासाठी काही वर्षे अनेक शाळांनी युरोपियन कॉम्प्युटर ड्रायव्हिंग लायसन्स नावाचा संगणक-वापराचा अभ्यासक्रम घेतला. तो फार थोड्या वेळात शिकवून होत असे आणि पूर्ण जीसीएसईच्या बरोबरीने मोजला जाई. २०१८ च्या तक्त्यांपासून तो वगळावा लागला. याहून वाईट प्रकार म्हणजे अकरावीच्या, म्हणजे इयर इलेव्हनच्या, जानेवारीतील पटगणनेपूर्वी कमकुवत मुलाला शाळेतून काढून घ्यायला पालकांना राजी करणे. त्या तारखेला जे मूल पटावर नाही, त्याचा निकाल शाळेच्या हिशेबात येत नाही. सर्व शाळा असे करतात असे कोणी समजू नये. बहुसंख्य शिक्षक याला स्वच्छ विरोध करतात. परंतु मोजमाप जितके मोठे, तितका हा मोह मोठा.

काही शाळांनी आणखी एक गोष्ट केली: दोन वर्षांचा जीसीएसई अभ्यासक्रम तीन वर्षांवर ताणला. म्हणजे मूल आठवीच्या शेवटीच इतिहास किंवा भूगोल, संगीत किंवा चित्रकला सोडून देते. तेरा वर्षांच्या मुलाने भूगोल कायमचा सोडला, की त्याला पाऊस, नद्या आणि शहरे यांविषयी शाळेत पुन्हा कोणी काही शिकवत नाही. माझ्या विषयाबद्दल असल्यामुळे हे मला विशेष लागते.

मिहीर_के

एक माहितीपर प्रश्न. ईबॅकच्या भाषेच्या खांबात मराठी धरता येते का? घरी आम्ही मराठीच बोलतो.

गोदातीर

मिहीर_के, नाही, कारण मराठीची जीसीएसई परीक्षाच उपलब्ध नाही. गुजराती, पंजाबी, बंगाली, उर्दू यांच्या परीक्षा आहेत आणि त्या ईबॅकच्या भाषेत तसेच अटेनमेंट ८ मध्येही धरल्या जातात. ज्यांच्या घरी यांपैकी एखादी भाषा बोलली जाते, त्यांनी शाळेला परीक्षाकेंद्र म्हणून मुलाची नोंदणी करून देण्याची विनंती अवश्य करावी. पुष्कळ शाळा ती आनंदाने मान्य करतात, कारण त्यांच्याही हिताचे असते.

आता नोव्हेंबर २०२५ च्या बदलांविषयी. बेकी फ्रान्सिस यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासक्रम व मूल्यमापन पुनरावलोकनाचा अंतिम अहवाल त्या महिन्यात आला. ईबॅकचे मोजमाप काढून टाकावे ही त्यातील शिफारस सरकारने स्वीकारली, आणि प्रोग्रेस ८ मध्येही बदल करण्याचे जाहीर केले. मुख्य विषयांचे महत्त्व यामुळे संपलेले नाही; इंग्रजी आणि गणित यांचे दुप्पट वजन हा या पद्धतीचा कणा आहे. मला याचे समाधान वाटते, पण नभाताईंच्या मुलाच्या शाळेत संगीताचा वर्ग त्यामुळे लगेच सुरू होईल अशी आशा कोणी धरू नये. शिक्षक निघून गेलेले आहेत आणि वाद्ये विकली गेलेली आहेत. ती घडी पुन्हा बसायला वेळ लागेल.

शाळा निवडणाऱ्या पालकांसाठी आणखी एक गोष्ट. कोविडमुळे २०२० आणि २०२१ मध्ये सहावीच्या राष्ट्रीय चाचण्या झाल्या नाहीत. त्या मुलांची जीसीएसई परीक्षा २०२५ आणि २०२६ मध्ये येते, आणि आरंभीचे गुणच नसल्यामुळे या दोन वर्षांचा प्रोग्रेस ८ काढता येत नाही. कोणी तुम्हाला शाळेचा "ताजा" प्रोग्रेस ८ सांगितला, तर तो २०२४ च्या परीक्षेचा असण्याची शक्यता धरून चाला आणि मधल्या काळात मुख्याध्यापक किंवा गणिताचे विभागप्रमुख बदलले आहेत का, ते विचारा.

सायली_आर

सर्वांचे आभार. वर्गशिक्षक यांनी मांडलेले उदाहरण मी मुलीला दाखवले. पुढच्या आठवड्यात शाळेत भेट ठरली आहे. तिथे नेमके काय विचारावे? मला भांडायचे नाही, पण नुसते "हो" म्हणूनही परतायचे नाही.

वर्गशिक्षक

भांडण्याची गरज पडणार नाही. बहुतेक शाळा अशा पालकांशी मोकळेपणाने बोलतात. गेल्या दोन वर्षांत फ्रेंच घेतलेल्या, आणि तुमच्या मुलीइतकेच आरंभीचे गुण असलेल्या मुलांना कोणत्या श्रेणी मिळाल्या, हे आधी विचारा. ही माहिती शाळेकडे असते. त्यानंतर विचारा की फ्रेंचला कायम शिक्षक आहे की बदली शिक्षकांवर वर्ग चालतो, कारण भाषेच्या बाबतीत निकालाचा फरक बहुतेकदा इथेच पडतो. चित्रकलेबद्दलही हेच विचारा, म्हणजे तुलना बरोबरीची होईल.

मुलीच्या मनात पुढे कोणता अभ्यासक्रम घोळत असेल, तर त्या महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या अटी छापून सोबत न्या. वास्तुरचना किंवा आरेखन यांसारख्या शाखांत चित्रांचा संग्रह मागितला जातो. ते कागद समोर असले की बोलणे तक्त्यांवरून तिच्यावर येते. आणि शाळेने ईबॅकचा उल्लेख केलाच, तर ते मोजमाप काढून टाकण्याचे सरकारने जाहीर केले आहे, तिची परीक्षा होईपर्यंत त्याचे काय होणार आहे, असे शांतपणे विचारा. तरी निर्णय तुमच्या बाजूने झाला नाही, तर विषय बदलण्याची शेवटची तारीख कोणती, ते लिहून घ्या. बऱ्याच शाळांत इयर टेनच्या सप्टेंबरातले पहिले काही आठवडे त्यासाठी मोकळे असतात, आणि तोवर चित्रकलेच्या वर्गात जागा राहील का, हेही त्याच भेटीत विचारून ठेवा.